दोन ब्रेकची गाडी

सोमवारी सकाळी मी दुकानात खोकल्याच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होतो, तेव्हा ताईचा फोन आला. ताई फोनवर कधी नमनाला वेळ घालवत नाही.

"छोट्या, गाडी सापडली," ती म्हणाली.

मी एकसष्ट वर्षांचा आहे. माझं स्वतःचं औषधांचं दुकान आहे, गुडघे कुरकुरतात, डोक्यावर मोजून घ्यावेत इतकेच केस उरलेत. तरी ताईसाठी मी छोट्याच. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि आयुष्यभर गाडी चालवायला शिकवणारी बाई, त्यामुळे हुकूम देण्याची सवय तिच्या आवाजातच मुरलेली.

"कोणती गाडी?" मी विचारलं.

"कोणती म्हणजे? करडी. ज्या गाडीनं तू खांबाला मिठी मारली होतीस."

मग मला आठवलं. न आठवून कसं चालेल? ताईनं बत्तिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूल काढलं, तेव्हा एक जुनीच, गोलमटोल, करड्या रंगाची गाडी घेतली होती. तेव्हाच लोक वळून बघायचे, इतकी ती जुन्या घाटाची. फुगीर मडगार्ड, पुढे नाकासारखी जाळी, दारं अशी जड की लावताना तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. ताईनं त्यात शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक बसवून घेतला होता, शिकवणाऱ्यासाठी. सतरा वर्षं ती गाडी शिकाऊ माणसांनी दामटली. त्या गाडीत मी तीनदा परीक्षा दिली आणि तीनदा नापास झालो. तिसऱ्या वेळी परीक्षक शेजारी बसलेला असताना बँकेसमोरचा दिव्याचा खांब आडवा आला. त्यानंतर मी पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

पुढे नव्या गाड्या आल्या, ताईनं करडी विकून टाकली. ती कुठे गेली हे एकोणीस वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

आता कळलं ते असं. ताईची एक जुनी विद्यार्थिनी शहराबाहेर रोपवाटिका चालवते. तिच्या सासऱ्यांनी कधीकाळी ही गाडी कुणाकडून तरी रोपं वाहायला घेतली होती. मग ती बंद पडली आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली गेली. सासरे वारले, शेड पाडायची ठरली, आणि सामान काढता काढता खाली गाडी निघाली. रोपवाटिकेवालीनं दार उघडून आत डोकावलं तर शेजारच्या सीटपुढे ब्रेक.

"मॅडम, तो ब्रेक बघितला आणि माझे पाय आपोआप आखडले," तिनं ताईला फोनवर सांगितलं. "तुम्ही तो किती वेळा दाबलाय माझ्यावर. शनिवारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी तुम्हाला काही हवं असेल तर बघून जा."

मंगळवारी दुकान बायकोवर सोपवून मी ताईबरोबर बसनं निघालो. ताईकडे आता गाडी नाही. आठ वर्षांपूर्वी स्कूल बंद केलं, तेव्हा उरलेल्या दोन्ही गाड्या तिनं विकल्या. बसमध्ये ती नेहमी ड्रायव्हरच्या अगदी मागे बसते आणि वळण आलं की तिचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर दाबला जातो. सवय ती सवय.

शेडमध्ये गाडी पोटावर बसली होती. चारही चाकं चपटी, टपावर रिकाम्या कुंड्यांची उतरंड, मागच्या खिडकीतून एक वेल आत शिरून पुढच्या खिडकीतून बाहेर आलेली. रंग करडा म्हणायला फक्त छप्पर उरलं होतं, बाकी सगळी चहाच्या गाळासारखी. डिकीत खताची पोती ठेवायचे म्हणे. खतातल्या क्षारांनी डिकीचा पत्रा असा खाल्ला होता की बोट लावलं तर बोट पलीकडे.

मी मडगार्डकडे गेलो. दिव्याच्या वर, वाटीएवढा पोचा. माझाच. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी गाडी वापरली, पण तो कुणी काढला नव्हता.

"ताई, बघ," मी म्हटलं. मला उगाच भरून आलं.

ताईनं पोच्याकडे बघितलंही नाही. तिनं दार ओढलं, ते बिजागरीतून करकरत अर्धं उघडलं. आत सीटच्या कापसात उंदरांनी बाळंतपणं उरकली होती. ती वाकून बराच वेळ बघत राहिली, मग दार होतं तसं लोटून हात झटकले.

"घ्यायचीच आपण," मी म्हटलं. "नीट करून घेऊ. कशी दिसेल माहितेय?"

"तुला चालवता येत नाही," ताई म्हणाली.

"तुला येते ना."

रोपवाटिकेवालीनं चहा आणला. तो आम्ही उलट्या टाकलेल्या कुंड्यांवर बसून प्यायलो. ती बाई पन्नाशीची, मातीनं भरलेले बूट, बोलायला मोकळी. म्हणाली, "मॅडम, एखाद्या जाणत्याला दाखवा. मला तर ती कुंडीसारखीच दिसते. उगाच मन अडकवू नका."

जाणता माणूस आमच्याकडे एकच. पत्र्याचं काम करणारे एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना नाहीमिस्त्री म्हणतात. लोक जुन्या गाड्या घेऊन मोठ्या आशेनं त्यांच्याकडे जातात आणि ते दोन मिनिटं बघून नाही म्हणतात. आजोबांची गाडी आहे हो, म्हटलं तरी नाही. पैसे लागतील तेवढे देतो, म्हटलं तरी नाही. वर्षातून एखादी गाडी ते हातात घेतात, आणि ती मग पुढची वीस वर्षं कुरकुरत नाही. त्यामुळे त्यांचं नाही ऐकायलासुद्धा लोक रांग लावतात.

बुधवारी ते त्यांच्या व्हॅनमधून आले. बारीक चणीचा माणूस, वरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर आणि एक लोहचुंबक. चुंबक त्यांनी गाडीच्या अंगावरून फिरवत नेलं. जिथं चिकटलं तिथं पत्रा, जिथं गळून पडलं तिथं पुट्टी. दोन्ही दारांखालच्या पट्ट्यांवर ते एकदाही चिकटलं नाही.

"इथं गाडी नाही, नुसता लेप आहे," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी डिकीत उतरून स्क्रूड्रायव्हर खाली टोचला. चासी म्हणजे गाडीचा कणा, दोन लांब लोखंडी पट्ट्या, ज्यांवर बाकी सगळं उभं असतं. स्क्रूड्रायव्हर त्या पट्टीत मुठीपर्यंत गेला. तो काढून घेताना त्याच्या टोकाला बिस्किटाच्या चुऱ्यासारखा गंज आला. पुढच्या बाजूला वाकून त्यांनी हात घालायचा प्रयत्न केला, पण गाडी जमिनीला टेकलेली, हात जाईना.

उठून त्यांनी गुडघे झाडले. "इंजिन होतं नीट. इंजिन कुठलंही होतं. सीट होतात, वायरी होतात, काच मिळते. पण कणाच मोडलाय ताई. यात जेवढा खर्च घालाल तेवढ्यात दोन नव्या गाड्या येतील, आणि त्यांना दारं असतील. माझं ऐका, नाही."

मी वाद घालायला तोंड उघडलं, पण ताई म्हणाली, "ठीक आहे."

इतक्या पटकन म्हणाली की मिस्त्रीसुद्धा थबकले. त्यांना नाही म्हटल्यावर पुढचा अर्धा तास समजूत घालायची सवय होती.

"मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल," ते म्हणाले.

"वाईट वाटायचं काय? लोखंड आहे," ताई म्हणाली. मग तिनं एक प्रश्न विचारला. "एकदा सुरू होईल का?"

"कशाला?"

"मी ती कधी चालवली नाही."

आम्ही तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. रोपवाटिकेवालीच्या हातातली किटली तशीच राहिली.

"असं कसं, ताई? सतरा वर्षं तू..." मी म्हटलं.

"सतरा वर्षं मी शेजारच्या सीटवर बसले, छोट्या. चालवायचे तुम्ही लोक. मी चालवली ती पेट्रोल पंपापर्यंत नाहीतर गॅरेजपर्यंत, आणि तीही घाईघाईनं, कारण ऑफिसच्या पायरीवर पुढचा विद्यार्थी घड्याळ बघत उभा. रविवारी मी म्हणायचे, बिचारी आठवडाभर मार खाते, तिला राहू दे आज. संध्याकाळी दिवसभर बसून पाठ धरलेली असायची, मग घरी चालत. कधी जमलं नाही. नंतर विकून टाकली."

हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला मात्र एकदम ओशाळल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की माझी बहीण दिवसभर गाडी चालवते. ती चालवत नव्हतीच. ती दिवसभर आम्हाला थांबवत होती.

मिस्त्रींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सुरू करून देतो," ते म्हणाले. "रस्त्यावर नाही न्यायची. इथल्या इथं. शनिवारी भंगारात जायचीच आहे, शुक्रवारी एक फेरी मारा."

त्यांनी तिथल्या तिथं बाह्या सरसावल्या. इंजिनाचे चारही प्लग काढून त्या भोकांतून तेल ओतलं आणि म्हणाले, दोन दिवस मुरू दे. गुरुवारी कार्ब्युरेटर घरी नेऊन साफ केला. शुक्रवारी सकाळी ते चार जुनी पण हवा धरणारी चाकं, बॅटरी आणि एक लोखंडी हँडल घेऊन हजर. हँडल गाडीच्या नाकात घालून त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. काही नाही. पाय रोवून पुन्हा लावला. आतून जुन्या कपाटाचं दार उघडावं तसा आवाज आला आणि हँडल पाव फेरा फिरलं. मग अर्धा. मग पुरा.

"फिरतंय," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्याच क्षणी चेहरा पूर्ववत गंभीर केला.

पेट्रोलची टाकी गंजानं भरलेली, म्हणून पेट्रोलचा एक डबा पुढच्या काचेच्या चौकटीला बांधून त्याची नळी इंजिनाला दिली. रेडिएटरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, त्यातलं निम्मं लगेच जमिनीवर आलं. पुढच्या दोन चाकांचे ब्रेक त्यांनी चालू करून घेतले होते. पण तपासताना त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं ब्रेकचं पेडल दाबलं आणि ते मुळातून मोडून हातात आलं.

"झालं," मी म्हटलं.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. ते दुसऱ्या बाजूनं आत शिरले आणि शेजारच्या सीटपुढचा ब्रेक हातानं दाबून बघितला. दोन्ही पेडल एकाच आडव्या दांड्यावर होती, त्यातलं एक मोडलं तरी दुसरं काम करत होतं. "हा लागतोय. म्हणजे ताई चालवतील, आणि ब्रेक शेजारच्यानं मारायचा. मी बसतो."

"नको," ताई म्हणाली. "तुम्ही बाहेरून इंजिनाकडे बघा. छोट्या बसेल."

"मी?" माझ्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, मला गाडीतलं काही येत नाही."

"ब्रेक येतो. तेवढाच येतो तुला. तीनही परीक्षांत तू दुसरं काही केलं होतंस?"

हे खरं होतं, त्यामुळे मी बसलो. सीट म्हणजे नुसत्या स्प्रिंगा, त्यावर रोपवाटिकेवालीनं पोतं टाकलं होतं. पलीकडे ताई स्टिअरिंगमागे बसली. तिनं आरसा नीट केला. आरशाची काच केव्हाच गेली होती, तरी चौकट हातानं नीट केली. मग पाठ सरळ करून तिनं मला विचारलं, "तयार?" आणि माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न तिनं हजारो लोकांना विचारला असेल, पण या बाजूनं कधीच नाही.

मिस्त्रींनी हँडल मारलं. गाडी खोकली, एक काळा ढग सोडला, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. मी दुकानदार माणूस, खोकल्यातलं मला कळतं. हा खोकला सुटणारा होता.

रोपवाटिकेत गुलाबाच्या कुंड्यांच्या दोन रांगांमधून एक वाट जाते, दीडशे पावलं असेल, आणि ती शेणखताच्या ढिगापाशी संपते. ताईनं गिअर टाकला. तो कोणत्या आवाजात पडला ते सांगत नाही. गाडी हलली.

मी ब्रेक दाबला.

"का?" ताईनं विचारलं.

"हलली ना."

"हलायलाच बसलोय, छोट्या. मी सांगेन तेव्हा."

पुन्हा निघालो. दहा पावलं गेलो असू, एक कुंडी जरा पुढे आलेली दिसली. माझा पाय गेलाच. ताईचं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं.

"ती कुंडी तीन फूट लांब आहे," ती शांतपणे म्हणाली. "कुंडीकडे बघू नकोस. लांब बघ. जिथं जायचंय तिथं बघ."

हेच ती मला सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी सांगायची, तेव्हा मला वाटायचं ती रागावतेय. आता पेडलवर माझा पाय होता, गाडी दुसऱ्याच्या हातात होती, समोरून जग अंगावर येत होतं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ती सतरा वर्षं काय करत होती. पाय आवरत होती. दाबणं सोपं असतं. न दाबता बसून राहायचं, समोरच्याला चुकू द्यायचं पण मरू द्यायचं नाही, हे काम होतं तिचं.

मी लांब बघायला लागलो. ताईनं दुसरा गिअर टाकला. वारा आत यायला लागला, तसंही खिडक्यांना काचा नव्हत्या. मी हळूच तिच्याकडे बघितलं. ती हसत वगैरे नव्हती. तिचे ओठ जरासे उघडे होते, लहान मुलं चित्र रंगवताना असतात तसे, आणि एक हात दाराच्या कडेवर टाकलेला. विद्यार्थ्यांना तिनं असा हात कधी टाकू दिला नसता.

"आता," ती म्हणाली. मी दाबला. ढीग हातभर अंतरावर राहिला.

तिथं तिनं गाडी पुढे-मागे करत वळवली आणि आम्ही परत निघालो. पाठीमागे मिस्त्री पाण्याची बादली घेऊन पळत होते. शेडपाशी पोचायला वीसेक पावलं असतील, तेव्हा काहीतरी मोठ्यानं फाटल्यासारखा आवाज झाला आणि ताई खाली गेली. म्हणजे तिच्या सीटखालचा पत्रा फाटून सीटची मागची बाजू वीतभर खाली धसली. स्टिअरिंग धरून ती आता छपराकडे बघत होती.

"छोट्या, ब्रेक," छपराकडे बघतच ती म्हणाली.

तो ब्रेक मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मारला.

तिला बाहेर काढायला आम्हा तिघांना जोर लावावा लागला. ती बाहेर आली, साडी-केस सारखे केले आणि हसत सुटली. रोपवाटिकेवाली हसली, मी हसलो, हसता हसता मला पोटात कळ आली. मिस्त्री मात्र हसत नव्हते. ते सीट बाजूला करून त्या भगदाडातून खाली बघत होते.

"टॉर्च आणा," ते म्हणाले.

रोपवाटिकेवालीनं आणून दिला. ते भगदाडात खांद्यापर्यंत वाकले. आतून स्क्रूड्रायव्हर खरवडल्याचा आवाज यायला लागला. मग ठोकल्याचा. टण्, टण्. बुधवारी डिकीत असा आवाज आला नव्हता, तिथं नुसतं खुसखुसलं होतं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातावर काळं, चिकट काहीतरी बोटभर जाडीचं होतं.

"ताई, या गाडीचं इंजिन तेल गळायचं का?"

"गळायचं? आमच्या ऑफिससमोरचा रस्ता काळा झाला होता. किती गॅरेजवाल्यांनी हात टेकले. शेवटी मी खाली पत्र्याचा ट्रे ठेवायला लागले."

"चालताना ते तेल उडून मागे जायचं, आणि चासीवर बसायचं. त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल. सतरा वर्षांचं पॅकिंग झालंय." त्यांनी हातावरचा गोळा दाखवला. "त्याच्या खाली लोखंड काल आणल्यासारखं आहे. पुढून सीटच्या मागपर्यंत दोन्ही पट्ट्या शाबूत. गेलंय ते फक्त डिकीखालचं, खताच्या पोत्यांनी. तेवढा तुकडा नवा घालता येतो." ते जरा थांबले. त्यांना पुढचं वाक्य जड जात होतं. "बुधवारी मागचं बघून मी पुढचंही तसंच धरलं. चुकलं माझं."

नाहीमिस्त्रींच्या तोंडून हे वाक्य ऐकणारे जगात बहुधा आम्ही तिघंच.

"म्हणजे करण्यासारखी आहे?" मी विचारलं.

"होण्यासारखी आहे," मिस्त्री म्हणाले. "करण्यासारखी आहे का ते यांना विचारा. उभी करून फडक्यानं पुसणार असाल तर माझं अजूनही नाही. चालवणार असाल तर हो. दीड वर्ष लागेल. खर्च सांगितला तसाच, जरा कमी."

ताई म्हणाली, "उद्या सांगते."

बसमध्ये ती नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागे बसली. आदल्या दिवसापर्यंत मी गाडीच्या बाजूनं होतो. आता खरंच होईल म्हटल्यावर मलाच धाकधूक वाटायला लागली. ताईचं वय अडुसष्ट. तिची पाठ, तिचे साठवलेले पैसे. मी म्हटलं, "ताई, दीड वर्ष म्हणजे खूप झालं गं. सत्तरीला येशील तू."

"सत्तरीला तर मी येणारच आहे," ती म्हणाली. "गाडी घेऊन येते की बसनं, एवढंच ठरवायचंय."

पुढे वळण आलं. तिचा पाय पत्र्यावर दाबला गेला. तिनं खाली पायाकडे बघितलं आणि स्वतःशीच मान हलवली.

शनिवारी भंगारवाला आला, तेव्हा ताई रोपवाटिकेत आधीच पोचली होती. त्याला शेडचे पत्रे, तुटक्या झाऱ्या आणि एक जुना पंप मिळाला. गाडी मिस्त्रींच्या वर्कशॉपला गेली.

पुढच्या दीड वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार आहे, पण त्यातलं बरंचसं गंज खरवडणं आहे. ताई दर मंगळवारी आणि गुरुवारी वर्कशॉपला जायची, नाकाला फडकं बांधून तारेच्या ब्रशनं पत्रे घासायची. मिस्त्रींनी आधी विरोध केला, मग तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं, मग एक दिवस मला म्हणाले की तिच्यासारखं सफाईचं काम त्यांच्याकडे कुणी करत नाही. पुढच्या काचेचं रबर कुठेच मिळेना, ते एका म्हाताऱ्या काचवाल्याच्या माळ्यावर सापडलं. दाराच्या मुठी मिळाल्याच नाहीत. मिस्त्रींनी दुसऱ्या कुठल्यातरी गाडीच्या बसवल्या. ताई म्हणाली, दार उघडतंय ना, मग झालं. तिला चकचकीत काही नकोच होतं. मडगार्डवरचा माझा पोचा तिनं ठोकून काढायला लावला. मी हळहळलो, तर म्हणाली, तुझ्या आठवणी तुझ्या डोक्यात ठेव, माझ्या दिव्यावर नको.

एकाच गोष्टीवरून त्या दोघांचं बिनसलं. ताईला शेजारचा ब्रेक काढून टाकायचा होता. मिस्त्री म्हणाले, मूळ वस्तू आहे, राहू द्या, तिच्यामुळेच तर ओळख पटली. ताई म्हणाली, माझ्या शेजारी बसणाऱ्यानं निवांत बसावं. आठवडाभर दोघं एकमेकांशी नटबोल्टपुरतंच बोलले. शेवटी ब्रेक निघाला. मिस्त्रींनी तो घरी नेला, त्याचं काय केलं ते मला माहीत नाही.

गाडी तयार झाली ती एका बुधवारी. मला वाटलं होतं ताई मला बोलवेल, आपण सगळे जाऊ, फोटो काढू. मी इस्त्रीचा शर्टसुद्धा दुकानात आणून ठेवला होता. तिचा फोनच आला नाही. दुपारी मिस्त्रींना फोन केला, तर म्हणाले, त्या सकाळी साडेआठलाच गेल्या. कुठे? विचारलं नाही. कुणी बरोबर? नाही, एकट्याच.

मी दुकानात येरझारा घालायला लागलो. एका गिऱ्हाइकाला पोटाच्या गोळ्यांऐवजी सर्दीच्या दिल्या, मग धावत जाऊन बदलून आणल्या. बायको म्हणाली, सगळं शहर जिनं शिकवलं तिची काळजी तू करतोयस, ज्याला सायकल धड येत नाही.

चारच्या सुमाराला फोन वाजला.

"छोट्या, मी आहे."

"कुठे आहेस तू?"

"तळ्याच्या पलीकडे. रस्ता संपतो तिथं. पुढे रस्ता नाही म्हणून थांबले." मागे वाऱ्याचा आवाज येत होता, आणि पाण्याचा. "दुसरा गिअर जरा कडक आहे. मिस्त्रींना सांगायला हवं."

"आणि गाडी कशी चालली?"

"चालली," ताई म्हणाली. "येताना रस्ता रिकामा होता. डाव्या बाजूला सगळी शेतं. मी कधी बघितलीच नव्हती रे. शिकवताना समोरच बघायचं असतं."

"मग आता निघतेयस ना? अंधार व्हायच्या आत ये."

"येते सावकाश. तू जेवलास का?"

मी जेवलो नव्हतो. पण जेवलो म्हणून सांगितलं, नाहीतर तिनं मला तिथूनच रागावलं असतं.